बाटलीच्या गळ्यातली हवा

बिअरच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत माझं निम्मं काम बाटल्या हलवण्याचं आहे. लाइनवरून नुकतंच झाकण लागून आलेली बाटली किंवा कॅन उचलायचा आणि पाच मिनिटं यंत्रात खळखळून घ्यायचा. तेवढ्यात वरच्या मोकळ्या जागेतला ऑक्सिजन आणि बिअरमध्ये विरघळलेला ऑक्सिजन यांचा समतोल होतो. मग मीटरची सुई झाकणातून आत घालून आकडा वाचायचा. आकडा पीपीबीमध्ये, म्हणजे अब्जात किती भाग. पन्नासच्या खाली आला तर पुढची बाटली. शंभरच्या वर गेला तर लाइन थांबवायला सांगायचं आणि पुढचा तासभर पॅकेजिंगवाल्यांची चढलेली तोंडं बघायची. पुण्यात मायक्रोबायॉलॉजी शिकत होते तेव्हा जन्मभर जंतू मोजणार असं वाटायचं. ऑरेगनमध्ये येऊन हवा मोजत बसले.

घरी मीटर नाही. बीव्हर्टनच्या आमच्या गॅरेजमध्ये पाच गॅलनची, म्हणजे १९ लिटरची बॅच होते आणि तिच्या पन्नासएक बाटल्या भरतात. इथे हे कायदेशीर आहे. १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरवरचा केंद्रीय कर गेला. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलनची मुभा मिळाली. विकायची मात्र नाही. तरी शेवटच्या दोन राज्यांना, अलाबामा आणि मिसिसिपीला, घरगुती बिअर मान्य करायला २०१३ उजाडलं. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कोणी बादली आणायला निघू नये.) विकता येत नसल्यामुळे बिअर वाटावी लागते आणि वाटायची तर बाटलीच हवी. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नव्हे, नंतरच्या सहलीत. तिथे माझ्या बाटल्यांची चौकशी माझ्या तब्येतीच्या आधी होते.

‘एवढा खटाटोप करण्यापेक्षा विकत का आणत नाहीस गं?’ असं आई फोनवर अजूनही विचारते. बिअर बनवण्यात एवढा खटाटोप नाही, असं मी तिला सांगते. माल्ट शिजवणं, हॉप्स उकळणं, यीस्ट घालणं, ही कामं एका शनिवारची. खटाटोप आहे तो तयार झालेली बिअर खराब न करता बाटलीत घालण्यात. तोही सगळ्या बिअरना सारखा नाही. स्टाउट किंवा गडद बेल्जियन बिअर बरंच सहन करते. हॉप्सच्या वासावर उभी असलेली बिअर काहीच सहन करत नाही.

मी हॉप्सच्या मुलखात राहते. उत्तरेला वॉशिंग्टनमधलं याकिमा खोरं आहे. अमेरिकेतले बहुतेक हॉप्स तिथे पिकतात. आमच्या दारचं विलामेट खोरं त्या मानाने लहान. दक्षिणेला दीड तासावर कॉर्व्हॅलिस आहे. तिथल्या संशोधनातून १९७२ मध्ये कॅस्केड हा वाण बाहेर आला आणि अमेरिकन पेल एलला तिचा पपनसासारखा वास मिळाला. ऑगस्टच्या अखेरीस कापणी सुरू झाली की मोटारीची काच खाली केली तरी वास येतो. सिट्रामध्ये आंबा आणि इडलिंबू, मोझॅकमध्ये पाडाला आलेला पेरू, सिमकोमध्ये चिडाची राळ. हे वास ज्या तेलांमुळे आणि गंधकयुक्त संयुगांमुळे येतात, त्यांचं प्रमाण नगण्य असतं आणि ऑक्सिजन भेटला की ती टिकत नाहीत. म्हणून शेतकरी हॉप्स वाळवतो, कारखाना त्यांच्या गोळ्या करतो, नायट्रोजन भरलेल्या चंदेरी पाकिटात त्या बंद करतो आणि पाकीट गोठवतो. एवढ्या बंदोबस्तात माझ्या गॅरेजपर्यंत आलेला वास मी उघड्या बादलीत ओतून घालवायचा का, हा प्रश्न आहे.

बिघडलेली हॉपी बिअर आधी दिसते, मग नाकाला कळते. ओट्स आणि भरपूर हॉप्स घातलेली, गढूळ, न्यू इंग्लंड धाटणीची आयपीए भरताना आमरसात दूध घातल्यासारख्या पिवळ्या रंगाची असते. तिच्यात हवा गेली की ती तांबूस होते, मग मातकट, आणि फारच झालं तर करडी-जांभळी. वास क्रमाने जातो. आधी फळं जातात, मग मधासारखा गोडसर वास येतो, शेवटी ओला पुठ्ठा. होतं असं की बिअरमध्ये मुळातच असलेलं किंचित लोह आणि तांबं ऑक्सिजनला फार क्रियाशील रूप देतं. ते अल्कोहोलवर, पॉलिफेनॉलवर, तेलांवर, जे सापडेल त्यावर तुटून पडतं. त्यात ड्राय हॉपिंगमधून, म्हणजे थंड बिअरमध्ये हॉप्स घालण्यातून, मँगनीज उतरतं आणि तेही याच कामाला लागतं. थोडक्यात, जितके हॉप्स जास्त घालाल तितकं गमावण्यासारखं जास्त आणि गमावण्याचा वेगही जास्त.

आयपीए म्हणजे ‘इंडिया पेल एल’, तेव्हा याची गंमत आम्हा मुंबई-पुण्याच्या माणसांना अधिक वाटावी. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या हॉजसनची आणि पुढे बर्टनच्या ऑलसॉपची, बासची पेल एल केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला यायची. चार-सहा महिन्यांचा प्रवास, लाकडी पिंपं, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. तिच्यातही हॉप्स भरपूर होते, पण ते जंतू रोखण्यासाठी आणि कडवटपणासाठी. मुंबईत उतरलेल्या साहेबाला ताज्या पेरूचा वास नको होता, त्याला मुरलेली बिअर हवी होती. नाव तेच राहिलं आणि अपेक्षा नेमकी उलटी झाली. आजची आयपीए उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत एक दुपार काढू शकत नाही.

हवा आत शिरते ती बाटली भरतानाच, असं नाही. यीस्ट घालताना तर ऑक्सिजन हवाच असतो, त्यावर यीस्टची वाढ होते. नंतर त्याचं काम संपलं. पुढे पहिली चोरवाट म्हणजे ड्राय हॉपिंगसाठी उघडलेलं झाकण. यावर आमच्या घरगुती बिअरवाल्यांच्या क्लबातल्या एका वेल्डरने शिकवलेली युक्ती मला फार आवडते. हॉप्सच्या जाळीच्या पिशवीत निर्जंतुक केलेला लोहचुंबक घालायचा, पिशवी फर्मेंटरच्या, म्हणजे आंबवण्याच्या भांड्याच्या, आतल्या बाजूला वरच चिकटवून ठेवायची आणि बाहेरून दुसरा चुंबक लावायचा. आंबणं संपत आलं की बाहेरचा चुंबक काढायचा. पिशवी आपोआप खाली पडते, झाकणाला हात लागत नाही.

दुसरी वाट थंड करताना. गाळ बसावा म्हणून फर्मेंटर फ्रिजमध्ये ठेवला की आतला वायू आकसतो, वर थंड बिअर कार्बन डायऑक्साइड शोषूही लागते, आणि एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतून, बाहेरची हवा आत ओढली जाते. लोक महिनाभर जपतात आणि या एका रात्रीत लिटरभर हवा आत घेतात. उपाय फुकटात आहे. या आकाराची बॅच आंबताना चारशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यातला थोडा वाढदिवसाच्या चकचकीत फुग्यात साठवायचा आणि थंड करताना फुगा एअरलॉकच्या जागी जोडायचा. माझ्या फ्रिजमध्ये अनेकदा ‘हॅपी बर्थडे’ लिहिलेला फुगा हळूहळू सुरकुततो. पाहुण्यांना काय सांगायचं ते नवऱ्याने ठरवलेलं आहे.

इथे एका समजुतीचा निकाल लावायला हवा, कारण ती फार पसरलेली आहे. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो बिअरवर पांघरुणासारखा पसरून राहतो, म्हणून बादलीत थोडा सोडला की काळजी नाही, असं अनुभवी लोकही सांगतात. लोणच्यावर तेलाचा थर राहतो, कारण तेल आणि खार मिसळत नाहीत. वायू मिसळतात. बादलीचं झाकण काढलं, बिअर ओतली, हात हलला, की तो थर मोडलाच. काही न हलवताही तो फार वेळ टिकत नाही. हवा बाहेर घालवायची तर तिची जागा कशाने तरी पूर्ण भरावी लागते, द्रवाने, फेसाने किंवा वायूच्या भरपूर प्रवाहाने. बिअरवर काहीतरी पसरून भागत नाही.

म्हणून मी बॉटलिंगची बादली काढूनच टाकली. रूढ पद्धत अशी: साखरेचा पाक बादलीत घालायचा, त्यावर सायफनने सगळी बिअर सोडायची, हलकेच ढवळायची आणि मग बाटल्या भरायच्या. ही साखर बाटलीतल्या यीस्टसाठी असते, तिच्यातूनच बुडबुडे येतात. पण यात सगळी बिअर उघड्या भांड्यात जाते आणि शेवटच्या बाटलीची पाळी येईपर्यंत तासभर तिथेच राहते. मी फर्मेंटरच्याच तोटीला नळी आणि स्प्रिंगची भरणी, म्हणजे टोक दाबलं की बिअर सोडणारी कांडी, जोडते आणि साखर प्रत्येक बाटलीत आधीच घालते. ३५५ मिलीच्या बाटलीला दोन-सव्वादोन ग्रॅम पुरते. इथे मिळणाऱ्या छोट्या साखरेच्या वड्या साधारण तेवढ्याच वजनाच्या असतात आणि बाटलीच्या गळ्यातून जातात. वजनकाटा घेऊन बसायची गरज नाही.

आता त्या गळ्याबद्दल. घरी बिअर करणाऱ्यांचं सगळं लक्ष ओतण्यावर असतं. बिअर खळखळू नये, नळीत बुडबुडा येऊ नये, बाटली तिरकी धरावी. हे चूक नाही, पण हिशेब करून पाहा. भरणी तळाला टेकवून बाटली काठोकाठ भरली आणि भरणी बाहेर काढली की पातळी खाली जाते. गळ्यात साधारण १५ मिली हवा उरते. तिच्यातला ऑक्सिजन एकवीस टक्के, म्हणजे तीन मिलीहून थोडा जास्त, वजनाने चार मिलिग्रॅमच्या आसपास. तो ३५५ मिली बिअरमध्ये वाटला तर लिटरला जवळजवळ १२ मिलिग्रॅम. पीपीबीत सांगायचं तर बारा हजार. ज्या आकड्यावर मी कारखान्यात लाइन थांबवते तो शंभर. एखादी बिअर हवेत घुसळघुसळ घुसळली तरी खोलीच्या तापमानाला तिच्यात नऊ हजारांच्या पुढे ऑक्सिजन विरघळत नाही. म्हणजे अत्यंत हळुवारपणे भरलेल्या बाटलीच्या गळ्यात, झाकणाखाली, त्याहून जास्त ऑक्सिजन शांतपणे बसलेला असतो. आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

हा कागदावरचा हिशेब खरा करून पाहायचा मोह मला आवरला नाही. साहेबांची परवानगी काढून एका रविवारी फर्मेंटरच प्रयोगशाळेत नेला. बाटल्या घरी भरून नेण्यात अर्थ नव्हता. जिवंत यीस्ट ऑक्सिजन घेत राहतं आणि आकडा तासागणिक उतरतो. तिथेच भरल्या, झाकणं लावली, लगेच हलवल्या, मोजल्या. नेहमीसारखा गळा मोकळा ठेवलेल्या बाटलीचा आकडा आमच्या मीटरच्या पट्टीबाहेर गेला. ते मीटर इतकी हवा कोणी बिअरमध्ये ठेवेल असं समजून बनवलेलंच नाही. ज्या बाटल्यांच्या गळ्यात भरणीचं टोक कडेला दाबून आणखी बिअर सोडली आणि काठापासून फक्त सेंटिमीटरभर जागा ठेवली, त्या पट्टीत आल्या. चार आकडी, कारखान्याच्या दृष्टीने लाजिरवाण्या, पण पट्टीत. फुकटात, पाच सेकंदांच्या कामाने. (अगदी शून्य जागा ठेवू नका. बिअर तापून फुगली तर काच फुटते.)

कारखान्यात हा प्रश्न फेसाने सुटतो. तिथे बिअरमध्ये वायू आधीच भरलेला असतो. बाटली भरली की गळ्यात गरम पाण्याची सुईसारखी बारीक चिळकांडी मारतात, बिअर फेसाळून वर येते, हवा बाहेर ढकलली जाते आणि फेसावरच झाकण बसतं. घरी बाटलीत वायू धरायचा असल्यामुळे भरताना बिअर सपाट असते, फेस येत नाही, म्हणून ही युक्ती आपल्याला बंद. त्याची भरपाई यीस्ट करतं. साखर खायला उठलेलं यीस्ट आधी हाताशी असलेला ऑक्सिजन उचलतं. पण हॉप्सच्या तेलांशी त्याची शर्यत असते आणि बारा हजारांत ते हरतं, दोन हजारांत बऱ्यापैकी जिंकतं. गळा भरण्याचं महत्त्व एवढंच आहे.

बाकीचे उपाय दुय्यम. ऑक्सिजन शोषणाऱ्या अस्तराची झाकणं येतात, ती बरी, ओली झाली की कामाला लागतात, म्हणून खूप आधी भिजवून ठेवू नयेत. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट अख्ख्या बॅचला अर्ध्या ग्रॅमहूनही कमी घातलं तर रंग जास्त टिकतो, हे मी पाहिलं आहे. दम्याच्या काही लोकांना सल्फाइट चालत नाही, तेव्हा वाटताना सांगावं. रिकामी बाटली आधी कार्बन डायऑक्साइडने धुऊन मग गळ्यात १५ मिली हवा ठेवणाऱ्यांना मात्र माझा नमस्कार. प्लॅस्टिकच्या बाटल्या दाबून हवा काढता येते, पण प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन रोज थोडा आत येत राहतो. उन्हाचं काय, तर तपकिरी काच, विषय संपला.

ज्यांच्याकडे केग आहे ते दाबाखाली भरणारं यंत्र घेऊन फेसावर झाकण लावू शकतात. त्यांच्या बाटल्या माझ्यापेक्षा चांगल्या राहतात. हे कबूल करायला मला वाईट वाटत नाही. पण त्या यंत्राच्या पैशात हॉप्स किती येतील, हेही मला पाठ आहे.

खरी अडचण पुढे आहे आणि तिला उपाय नाही. बाटलीत वायू धरायला यीस्टला ऊब लागते, वीस-बावीस अंश, साधारण दोन आठवडे. वासाला हवी थंडी. म्हणजे गळ्यातला ऑक्सिजन सर्वांत जास्त असतो नेमके तेच दिवस बिअर उबेत काढते. मी मधला मार्ग काढते. एक बाटली प्लॅस्टिकची भरते, ती हाताला टणक लागली की दुसऱ्या दिवशी सगळा माल फ्रिजमध्ये. बाटली टणक होण्याचा वेग हॉप्सवरही अवलंबून असतो. हॉप्समधली विकरं बिअरमधल्या न आंबणाऱ्या शर्करा तोडून यीस्टला नवं खाद्य देतात. ब्राउन आणि मॉरिस या इंग्रज रसायनतज्ज्ञांनी हे १८९३ मध्येच लिहून ठेवलं होतं. विस्मरणात गेलेली ती गोष्ट कॉर्व्हॅलिसच्या ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी अलीकडे पुन्हा तपासली. तेव्हा ऑक्सिजनच्या धास्तीने घाईघाईत बाटल्या भरणाराही फसतो. हॉप्स घातल्यावर घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा तीन दिवस हलत नाही हे पाहिल्याशिवाय झाकण लावू नये. वास गेला तर वास जातो. काच फुटली तर डोळा जातो.

आमच्या क्लबात या सगळ्याकडे तुच्छतेने बघणारी जुनी मंडळी आहेत. त्यांच्या तरुणपणी कोणी ऑक्सिजन मोजत नसे आणि बिअर उत्तम व्हायची, असं ते म्हणतात. त्यांच्या बिअर प्यायले आहे. त्या खरंच उत्तम आहेत: कडवट, माल्टच्या, इंग्रजी धाटणीच्या, लिटरला दोन-चार ग्रॅम हॉप्सच्या. त्यांना या काळजीची गरज नव्हती. लिटरला पंधरा ग्रॅम हॉप्स घालणाऱ्याला आहे. आपण कोणती बिअर करतो आहोत ते न बघता दुसऱ्याच्या काळज्या उसन्या घेणं आणि दुसऱ्याची बेफिकिरी उसनी घेणं, दोन्ही सारखंच महागात पडतं.

आणि एक विनंती, करणाऱ्यांना नव्हे, ज्यांना अशा बाटल्या मिळतात त्यांना. आपल्याकडे चांगली बाटली राखून ठेवायची सवय आहे. दिवाळीला उघडू, दादा अमेरिकेहून आला की उघडू. वाइनच्या एखाद्या बाटलीला ते चालेल. हॉपी बिअर कोणी हातात ठेवली तर घरी गेल्याबरोबर फ्रिजमध्ये उभी ठेवा, तळाचा गाळ बसू द्या आणि त्याच शनिवारी पिऊन टाका. दादाला दुसरी देऊ.